पेट स्कॅनमध्ये मेंदूतील सेरोटोनिन दिसते का?

रसायनविद्यार्थिनी:
नैराश्यावरील औषधांच्या व्याख्यानात डीएएसबी या ट्रेसरने (किरणोत्सारी खूण जोडलेल्या रेणूने) घेतलेले मेंदूचे पेट (पीईटी) स्कॅन दाखवले गेले. उजळ भागात सेरोटोनिन हे चेतापेशींमधील संदेशवाहक रसायन अधिक असते, असा अर्थ मी लावला. पण तसे असेल, तर सेरोटोनिनलाच किरणोत्सारी कार्बन जोडून ते शिरेतून का देत नाहीत?

समस्थानिक:
कारण शिरेतून दिलेले सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडथळा ओलांडून आत जात नाही. म्हणून तो अडथळा पार करणारा आणि सेरोटोनिनशी संबंधित एखाद्या प्रथिनालाच चिकटणारा वेगळा रेणू लागतो. २००० साली टोरांटोच्या संशोधकांनी मांडलेला डीएएसबी हा, चेतापेशींमधील फटीत सोडलेले सेरोटोनिन पुन्हा पेशीत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनाला चिकटतो. त्यामुळे मध्यमेंदू किंवा थॅलॅमस उजळ दिसला, तर तेथे वाहक दाट आहेत एवढेच सिद्ध होते. सेरोटोनिन किती आहे, हे त्यावरून ठरत नाही. आधीच्या मॅकएन ५६५२ या ट्रेसरची अडचण अशी होती, की तो इतरत्रही बराच चिकटून राही आणि खरा संकेत त्यात बुडून जाई.

रसायनविद्यार्थिनी:
मग औषधाचा परिणाम कसा मोजतात?

समस्थानिक:
सिटालोप्रॅमसारखे नैराश्यावरील औषध त्याच वाहकावर जागा अडवते, म्हणून औषधापूर्वीचा आणि नंतरचा स्कॅन ताडून ट्रेसरला किती जागा कमी मिळाली हे काढतात. जेफ्री मेयर यांच्या गटाला या वर्गातील औषधांच्या नेहमीच्या किमान उपचार-मात्रेला सुमारे ८० टक्के वाहक व्यापलेले आढळले. त्यापुढे मात्रा वाढवली, तरी व्याप्ती फारशी वाढत नाही. तुलनेसाठी अनुमस्तिष्काचा (मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाचा) करडा भाग घेतात, कारण तेथे वाहक अत्यल्प असतात; अत्यल्प म्हणजे शून्य नव्हे, हे मात्र गणित करताना विसरू नये.

गॅमा_किरण:
व्यवहारातील बाजू जोडतो. डीएएसबीला जोडलेल्या किरणोत्सारी कार्बन-११ चा अर्धायुकाल सुमारे २०.४ मिनिटे असल्याने ९० मिनिटांच्या स्कॅनअखेर मूळ किरणोत्सारिता विसाव्या हिश्शाहूनही खाली येते. त्यामुळे हा कार्बन तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र आवारातच किंवा अगदी जवळ हवे, आणि बाहेरगावाहून ट्रेसरची मात्रा मागवण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे कंपवातासाठी केला जाणारा ट्रोडॅट स्कॅन पुष्कळांना हाच वाटतो. परंतु त्यातील टेक्निशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याने युक्त रेणू डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या वाहकाला चिकटतो, सेरोटोनिनच्या नव्हे.