राजकारण चपलेसारखे उंबऱ्याबाहेर ठेवता येते का?

इतवारीकर

‘राजकारण चपलेसारखे उंबऱ्याबाहेर काढून ठेवावे, म्हणजे घरातली नाती टिकतात,’ असा सल्ला काल याच चर्चेत धरमपेठकरांनी दिला आणि बऱ्याच जणांनी त्याला हात जोडले. मला तो वाचून राग आला.

आमचे घर मारबतीच्या मिरवणुकीच्या वाटेवर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे गणगोत आमच्या गच्चीवर जमते, काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे पाहते, मग पुढाऱ्यांची टर उडवणाऱ्या बडग्या नावाच्या पुतळ्यांची वाट पाहते. 2024 साली विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. एका बडग्याच्या गळ्यातली पुढाऱ्यावरची पाटी वाचून काका मोठ्याने हसले. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, यांच्या हातात तर्री-पोह्यांची बशी होती. ती त्यांनी कठड्यावर इतक्या जोरात आदळली, की तर्रीचा लाल ओघळ भिंतीवरून खाली उतरला. ‘माह्या घरात उभा राहून माह्याच नेत्याले हासतो काय?’ एवढेच ते बोलले. काकांनी काकूंना खूण केली आणि दोघे जिना उतरून गेले. त्यानंतर निवडणूक झाली, चुलत बहिणीचे लग्न झाले, काकांची अँजिओप्लास्टी झाली. दोघे भाऊ मात्र एकमेकांच्या दारात गेले नाहीत. तो ओघळ पुसला, तरी चुन्यावर त्याचा डाग अजून दिसतो.

‘मी हेच तर सांगत होतो,’ असे धरमपेठकर म्हणतील. पण त्याआधीची वीस वर्षे आमच्या घरात त्यांचाच नियम चालत होता. मोठे बाबा जेवताना तासभर बोलत, ते ‘अनुभवाचे बोल’ ठरत; काकांनी किंवा एखाद्या सुनेने एक वाक्य उच्चारले, की लगेच ‘घरात राजकारण नको’ असे ऐकावे लागे. ते भांडण एका हसण्यातून झाले नाही, वीस वर्षे गिळलेल्या शब्दांतून झाले. गप्प राहण्याचा सल्ला सर्वांना सारखा दिला जातो, पण तो पाळावा लागतो नेहमी एकाच बाजूला.

धरमपेठकर

तुमच्या घरची हकिकत वाचून वाईट वाटले, परंतु तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. तुम्ही न बोलण्याचे परिणाम पाहिले आहेत. मी बोलण्याचे पाहिले आहेत. 2019 च्या निवडणुकीत मी आणि माझा धाकटा भाऊ मनात येईल ते सगळे बोललो, एकमेकांच्या प्रामाणिकपणावर घसरलो आणि मग बोलणेच थांबले. आई दवाखान्यात असताना आम्ही वेळा वाटून घेतल्या होत्या: सकाळी मी, संध्याकाळी तो. ‘माझी दोन्ही मुले एका वेळी का येत नाहीत?’ असे तिने नर्सला विचारले होते, हे मला ती गेल्यावर कळले. घरातल्या चर्चेने एका तरी माणसाचे मत बदलल्याचे उदाहरण तुमच्याकडे असेल, तर ते अवश्य सांगा.

जुना विदर्भवादी

आपण दोघेही पक्षांसाठी झालेल्या भांडणांवर हळहळता आहात. पक्ष येतात आणि जातात. आमच्या घरात जे तुटले, ते स्वतंत्र विदर्भाच्या मागणीवरून तुटले, आणि त्याचे मला आजही दुःख असले तरी पश्चात्ताप नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला नोकऱ्यांत आणि विकासात वाटा देण्याचा शब्द दिला. 1955 मध्ये फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तरी पुढच्याच वर्षी नागपूरचा राजधानीचा मान गेला. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन 1988 साली झाले, तेव्हा अंदाजित खर्च 372 कोटी होता. पुढे तो कित्येक हजार कोटींवर गेला आणि कालव्याच्या पाण्याची वाट पाहत एक पिढी म्हातारी झाली. विदर्भ आंदोलनाचे नेते जांबुवंतराव धोटे यांच्या सभांना मी सायकलने गेलो आहे. 1 मे रोजी मी गच्चीवर काळा झेंडा लावतो. मुलाला ते आवडत नाही, म्हणून त्या दिवशी तो सासुरवाडीला पुण्याला जातो. जावे. घर टिकावे म्हणून मी झेंडा उतरवणार नाही.

पुण्याहून आलेली सून

काकाजी, मी आपल्या घरची नाही, पण तशाच एका घरातली आहे, म्हणून लिहिते. लग्नानंतरच्या पहिल्या 1 मे रोजी मी माहेरच्या सवयीने श्रीखंड केले. सासऱ्यांनी वाटीकडे पाहिले, ताट सरकवले आणि ते उठून गेले. माझ्या आजोबांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगवास भोगला होता. त्या लढ्यात शंभरावर माणसे मारली गेली. आमच्यासाठी तो दिवस त्यांच्या आठवणीचा आहे, पण हे मला कोणीही विचारले नाही. आणि आपण अन्यायाचा हिशेब मांडताच आहात, तर तो पूर्ण मांडा. मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार आणि सुधाकरराव नाईक विदर्भाचेच होते, विदर्भाचेच वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते, देवेंद्र फडणवीस नागपूरचेच आहेत. कालवे रखडले, याचा जाब आपण त्यांना विचारायचा, की स्वयंपाकघरातल्या सुनेला?

जुना विदर्भवादी

मुख्यमंत्र्यांची नावे मोजून विकासाचा अनुशेष, म्हणजे न मिळालेला वाटा, भरून निघत नाही, बाई! तो अनुशेष 1984 साली दांडेकर समितीने मोजून दाखवला, तो भरण्यासाठी वैधानिक विकास मंडळे 1994 मध्ये आली, आणि तरीही यवतमाळच्या शेतकऱ्याने काय भोगले, हे पुण्यात बसून कळत नाही.

पुण्याहून आलेली सून

मी पुण्यात बसलेली नाही. मी चौदा वर्षे नागपुरात राहते आहे, माझी मुले येथे जन्मली आहेत, मी कोथिंबिरीला सांबार म्हणते आणि मे महिन्याचे ऊन तुमच्याइतकेच सोसते. अनुशेषाचा प्रश्न खरा आहे, हे मी मान्य करते. सासऱ्यांनी मला तो कधी समजावून सांगितला असता, तर कदाचित त्यांच्या बाजूनेही बोलले असते. त्यांनी फक्त ताट सरकवले.

जुना विदर्भवादी

ताट सरकवणे चुकीचे होते. एवढे मी मान्य करतो, त्यापलीकडे काही नाही.

इंदोऱ्यातील वाचक

धरमपेठकरांनी मत बदलल्याचे उदाहरण मागितले आहे, म्हणून लिहितो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी आजोबांनी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या उपस्थितीत धम्मदीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हारा उतरवला. थोरल्या आजोबांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. एकाच अंगणात दोन चुली झाल्या. आजोबा मात्र गप्प बसले नाहीत. रोज संध्याकाळी ते ओसरीवर मोठ्याने वाचत आणि पलीकडच्या खोलीत भाऊ ऐकत असे. नऊ वर्षांनी थोरले आजोबा ओसरीवर येऊन बसले आणि ‘कालच्या पानापासून वाच,’ असे म्हणाले. घर टिकावे म्हणून आजोबांनी त्या दिवशी दीक्षाभूमीवर जाणे टाळले असते, तर आमच्या घरात पहिली मुलगी शाळेत गेली नसती. काही गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवणे ज्यांना परवडते, त्यांनीच तो सल्ला द्यावा.

धरमपेठकर

आपल्या आजोबांच्या निर्णयाची आणि माझ्या भावाबरोबरच्या भांडणाची तुलना होऊ शकत नाही, आणि ती मी करणारही नाही. माझा सल्ला सर्वांना लागू नाही, हे स्वीकारावे लागते. तरीही आईने नर्सला विचारलेला प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

इतवारीकर

धरमपेठकर, तुमच्या आईबद्दल वाचल्यानंतर मी माझा पहिला मजकूर पुन्हा वाचला. बोलताना माणूस कुठे थांबतो, यावर मी काहीच लिहिले नव्हते, ही त्रुटी मान्य करतो. तुम्ही भावाच्या मतावर थांबला असता, त्याच्या प्रामाणिकपणावर गेला नसता, तर कदाचित सकाळ आणि संध्याकाळ अशी वाटणी झाली नसती. पण गप्प बसण्याबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

यंदा मारबतीला काकांना बोलवायला मी स्वतः जाणार आहे, आणि ते काल मोठ्या बाबांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, ‘ये म्हणा त्याले, पण...’ आणि मोठ्या आईने ‘आता राजकारण नको’ म्हणत त्यांना थांबवले. मी तिला म्हणालो, ‘मोठी आई, त्यांना बोलू दे. आणि काका आले, की त्यांनाही.’