मदत हवी आहे: मुलीच्या टाचेला चामखीळ, औषध लावत राहू की गोठवून घेऊ?

नमस्कार मंडळी. लेक १२ वर्षांची, रोज पोहायला जाते. टाचेला टणक गाठ आली. घरात सगळे कुरूपच म्हणत होते. त्वचारोगतज्ज्ञांनी वरचा कडक थर हलकेच खरवडला, तर आत खसखशीसारखे काळे ठिपके! त्या म्हणाल्या, हे बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त, म्हणजे ही एचपीव्ही विषाणूची चामखीळ. सरळ दाबलं तर फारसं नाही, पण दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की पोर कळवळते.

त्यांनी दोन पर्याय दिलेत: रोज रात्री सॅलिसिलिक ॲसिड, तेही साधारण १२ आठवडे, किंवा द्रव नायट्रोजनने दर दोन-तीन आठवड्यांनी गोठवणं. गोठवल्यावर फोड येतो म्हणतात. टाचेवर फोड घेऊन ती शाळेत कशी चालणार? कुणाच्या मुलांना अनुभव आहे का?

आणखी एक. सासूबाईंच्या तळव्यालाही तसंच काहीतरी आहे. त्यांना मधुमेह आहे आणि त्या हेच औषध मागताहेत. शेजारच्या काकू तर बिब्बा लावा म्हणतात. काय करू?

प्रतिसाद १:
ताई, आधी सासूबाईंचं बघा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, ॲसिडने जखम झाली तरी कळत नाही आणि ती चिघळते. ॲसिड नको, कुरुपाची पट्टी नको, घरी ब्लेड तर मुळीच नको. डॉक्टरांनाच पाय दाखवा. बिब्बा कुणालाच लावू नका, कातडी भाजते.

लेकीला मी तरी आधी ॲसिडच लावेन. लहान मुलांच्या बऱ्याच चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, त्यामुळे घाई नाही. पाय कोमट पाण्यात भिजवा, वरची मेलेली कातडी घासा, भोवती व्हॅसलीन लावा आणि औषध फक्त चामखिळीवर. घासायचा दगड तिचा वेगळा, टॉवेलही वेगळा. तलावात जाताना वॉटरप्रूफ पट्टी, काठावर आणि शॉवरपाशी चप्पल. त्वचेच्या रेषा गाठीवरून पुन्हा सलग दिसू लागल्या की गेली समजा.

प्रतिसाद २:
आमच्या मुलाने टाचेवरच गोठवून घेतलं होतं. करताना झोंबलं, फोड आला, थोडे दिवस चवड्यावर चालला. शनिवारची वेळ घ्या आणि फोड फोडू नका.

धागाकर्ती:
खूप आभार. सासूबाईंची उद्याचीच वेळ घेतली. लेकीला आज रात्रीपासून ॲसिड सुरू करते.