पेनिसिलिनच्या इंजेक्शनआधी दर वेळी ‘टेस्ट’ करायलाच हवी का?

धागाकर्ती
रुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्यांना तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन (हळूहळू रक्तात उतरणारे पेनिसिलिन) १२ लाख युनिट, दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. लहान मुलांना वजनानुसार ६ लाख. अनेक ठिकाणी प्रत्येक डोसाआधी हाताच्या कातडीत टोचून ‘टेस्ट’ बघतात. आधीचे डोस विनात्रास पचलेत आणि मधे खंड पडलेला नाही, अशांची ही टेस्ट थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून ती बऱ्याचदा बेंझाथिनच पातळ करून करतात. ते विरघळतच नाही, दुधासारखे गढूळ राहते. त्या कणांनी कातडी नुसती चुरचुरली तरी कार्डावर ‘ॲलर्जी’ चढते, आणि झडपा वाचवणारे औषध कायमचे बंद होते.

सावधान
सहमत नाही. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगाची तीव्र ॲलर्जी, क्वचित होतो, पण झाला तर काही मिनिटांत जीव जातो. टेस्ट चुकीची करतात म्हणून टेस्टच काढायची? ती नीट करा. साधे, पाण्यात विरघळणारे बेंझिल पेनिसिलिन घ्या, १ मिलिला १०,००० युनिट. आधी नुसता टोचा, मग कातडीत ०.०२ मिलि, शेजारी तुलनेसाठी सलाइनचा (गांध उठू नये) आणि हिस्टामिनचा (गांध उठायलाच हवी) टोचा. १५-२० मिनिटांनी सलाइनपेक्षा ३ मिमी मोठी गांध उठली तरच पॉझिटिव्ह. सर्दीची किंवा खाजेची गोळी चालू असेल तर हिस्टामिनचीही गांध उठत नाही, मग निकाल धरायचा नाही.

वॉर्डातली
@सावधान, कृती बरोबर आहे, पण प्रत्यक्षात काय होते? टेस्ट निगेटिव्ह आली की ॲड्रेनालिन, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसवरचे पहिले औषध, कपाटातच राहते आणि पेशंट पाच मिनिटांत उठून जातो. मला सगळ्यात जास्त धास्ती याच बेफिकिरीची वाटते. टेस्ट करा वा नका करू, १:१००० ॲड्रेनालिन, सिरिंज आणि सुई हाताशी मांडलेली हवी. मोठ्या माणसाला ०.५ मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. फरक नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर. इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवा.

झडपवाला
दोघेही ॲलर्जीतच अडकलात. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) खूप अरुंद झालेली, किंवा हृदयाचे पंपिंग कमी झालेले, अशा पेशंटचा सुईच्या वेदनेने आणि भीतीने रक्तदाब घसरला तरी जीव जायला तेवढे पुरते. गेल्या काही वर्षांत असे काही मृत्यू ॲलर्जीचे नसून हृदयाचेच असावेत, असे तज्ज्ञांचे मत झाले आहे. कातडीची कोणतीही टेस्ट हे ओळखणार नाही. नाडी मंद, चेहरा पांढराफटक, घाम, पण अंगावर गांधी नाहीत, धाप नाही: ही भोवळ. नाडी जोरात, गांधी, ओठ सुजलेले, छातीत घरघर: हा ॲनाफिलॅक्सिस. म्हणून इंजेक्शन आडवे झोपवूनच द्या, उपाशीपोटी नको, आधी पाणी प्यायला द्या. झडपेचा आजार गंभीर असेल तर पेनिसिलिन व्ही २५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, या गोळ्यांचा विचार हृदयतज्ज्ञांनी करावा. गोळ्या चुकतात हे खरे, तरीही.

वॉर्डातली
एक भर. बेंझाथिन शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. फक्त खोल स्नायूत. पावडरीत पाणी घातल्यावर हलवा आणि लगेच द्या. ठेवले की कण खाली बसतात, सुई तुंबते. २१ गेजपेक्षा बारीक सुई नकोच. दट्ट्या मागे ओढून बघा. रक्त दिसले तर सगळे टाकून नवे भरा. मग हळू पण न थांबता ढकला, मधेच थबकलात तर तिथेच तुंबते.

सावधान
झोपवून देण्याचा मुद्दा पटला. पण पहिला डोस, किंवा ‘लहानपणी पेनिसिलिनने काहीतरी झाले होते’ असे सांगणारा पेशंट, इथे मी टेस्ट सोडणार नाही. पुरळ किती वेळाने उठले, श्वास अडकला होता का, हेही विचारा.

धागाकर्ती
त्याला माझा विरोध नव्हताच. असे सांगणाऱ्यांतले बहुतेक जण ॲलर्जिक नसतात, तेव्हा तिथे नीट केलेली टेस्ट उलट औषध परत मिळवून देते. विरोध आहे तो पन्नासाव्या डोसाआधी पुन्हा टोचण्याला.