१०० एचपी पंप, सॉफ्ट स्टार्टर लावल्यावर दिवसा पिकअप घेत नाही

जॅकवेल_सांगली:
उपसा सिंचनाचा सेंट्रिफ्युगल पंप. मोटर ७५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, १३० अँपिअर. ट्रान्सफॉर्मर ३१५ केव्हीए. जुना स्टार-डेल्टा स्टार्टर काढून सॉफ्ट स्टार्टर (मोटरचं व्होल्टेज हळूहळू चढवणारा) बसवलाय. सुरुवातीचं व्होल्टेज ३५ टक्के, रॅम्प १० सेकंद, करंट लिमिट मोटरच्या करंटच्या ३०० टक्के. रात्री मोटर नीट सुटते. दिवसा करंट ३९० वर चिकटून बसतो, मोटर पाऊण वेगाच्या आसपास घुमत राहते आणि ३० सेकंदांनी ट्रिप. फॉल्ट 'स्टार्ट टाइम' दाखवतो. दिवसा लाइनचा दाब (व्होल्टेज) ३६०-३६५ व्होल्टच असतो. स्टार्टर बदलून मागू का?

पॅनलवाला:
दाब हेच कारण. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. ३६० ला तो ४१५ च्या ७५ टक्केच उरतो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (दाब कमी-जास्त करायची सोय) बदलून घ्या.

रोटर_५०:
हा हिशेब डायरेक्ट ऑन लाइनचा (मोटर थेट लाइनवर सुरू करण्याचा) झाला, इथे तो लागू नाही. करंट लिमिटमध्ये स्टार्टर स्वतःच दाब खाली आणून मोटरला ३९० अँपिअरच देतोय. लाइनला ४१५ असो की ३६०, मोटरपर्यंत तेवढंच पोचतं, म्हणून टॉर्कही तेवढाच.

ही मोटर डायरेक्ट सुरू केली तर साधारण सहा पट, म्हणजे ७८० अँपिअर घेईल. तुम्ही त्याचा निम्मा देताय, म्हणजे सुटतानाचा टॉर्क पाव. हलक्या भाराच्या पंपाला पुरतो, पूर्ण भाराच्या पंपाला पाऊण वेगावर तोकडा पडतो, कारण पंपाचा भार वेगाच्या वर्गाने चढतो.

रात्री सुटते म्हणजे स्टार्टर शाबूत आहे आणि मोटर डेल्टात जोडणाऱ्या लिंक पट्ट्याही बरोबर आहेत. फरक भारात शोधा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह दिवसा कुठल्या स्थितीत असतो? एनआरव्ही (पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह) गळतो का?

जॅकवेल_सांगली:
विचारलं. रात्रपाळीचा माणूस व्हॉल्व्ह बंद करून चालू करतो, दिवसाचा उघडाच ठेवतो. एनआरव्हीही गळतोय, सकाळपर्यंत पाइपलाइन बरीच रिकामी होते.

रोटर_५०:
मग झालं. रिकाम्या पाइपलाइनमध्ये पंपाला हेड (समोरच्या पाण्याचा विरोध) मिळत नाही, तो पाणी भरमसाट फेकतो आणि मोटरवर जास्तीत जास्त भार सुटतानाच येतो. व्हॉल्व्ह बंद करून सुरू करा, बायपास काँटॅक्टर (वेग आल्यावर मोटर थेट लाइनवर घेणारा स्विच) बसला की हळूहळू उघडा. पंप अ‍ॅक्सिअल फ्लो असता तर उलट सांगितलं असतं, त्याला बंद व्हॉल्व्हवर जास्त ताकद लागते.

सोबत लिमिट ३५० करा. ४५५ अँपिअर होतील, टॉर्क सव्वापटीहून अधिक वाढेल. तुमचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टला ४२० अँपिअरचा, इम्पिडन्स (त्याचा अंतर्गत अडथळा) ४.५ टक्के धरला तर त्यातला ड्रॉप (दाबाची घट) ५ टक्क्यांच्या आतच राहतो. डायरेक्टला तो आठच्या वर गेला असता. डिस्प्लेवर लक्ष ठेवा: करंट ४५५ वर काही सेकंद स्थिर राहून धाडकन १३० च्या खाली आला पाहिजे. तो वरच असताना बायपास बसला तर झटका बसणारच. नुसता 'स्टार्ट टाइम' ६० सेकंद करून मोकळे होऊ नका, मोटर आणि थायरिस्टर (स्टार्टरमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) दोन्ही भाजतील.

स्टार्टरच्या प्लेटवर 'एसी-५३बी : ३.५-१५:३४५' असं काही असेल. म्हणजे साडेतीन पट करंट १५ सेकंद, मग पुढच्या स्टार्टआधी किमान ३४५ सेकंद विश्रांती. ट्रिप झाली की लगेच रिसेट मारून पुन्हा बटण दाबायची सवय इथेच महागात पडते.

पॅनलवाला:
लिमिटचा मुद्दा मान्य, माझं उत्तर चुकलं. एक विचारतो, जुन्या पॅनलचा कपॅसिटर कुठे जोडलाय?

जॅकवेल_सांगली:
२५ केव्हीएआर, मोटरच्या टर्मिनलवर. तसाच आहे.

पॅनलवाला:
आजच काढा. स्टार्टरच्या आउटपुटला कपॅसिटर असेल तर प्रत्येक फायरिंगला चार्जिंगचा झटका थायरिस्टरमधून जातो. तो शॉर्ट होऊन मरतो, मग 'बंद' म्हटलं तरी मोटरवर दाब राहतो. म्हणून स्टार्टरच्या आधी मेन काँटॅक्टर हवाच. कपॅसिटर इनकमिंगला वेगळ्या काँटॅक्टरवर घ्या आणि त्याची कॉइल बायपासच्या ऑक्झिलरी (सहाय्यक) काँटॅक्टवरून चालवा. मोटरचं इन्सुलेशन मेगरने तपासताना यू, व्ही, डब्ल्यू तारा स्टार्टरपासून सोडवूनच करा.

जॅकवेल_सांगली:
सॉफ्ट स्टॉप किती ठेवू? आणि बिलातली डिमांड (कमाल मागणी) कमी होईल ना?

रोटर_५०:
स्टॉप १५ सेकंदांनी सुरू करा. एनआरव्ही आपटल्याचा आवाज आला तर ५-५ ने वाढवा, पण थांबतानाही थायरिस्टर तापतात, त्यामुळे तासाला स्टार्ट कमी मिळतील. आधी एनआरव्ही दुरुस्त करा. डिमांड मीटर १५-३० मिनिटांची सरासरी धरतो, काही सेकंदांचा स्टार्ट त्यात दिसतही नाही. बिलासाठी हे यंत्र घेतलं असेल तर तो हिशेब सोडा.