तुमच्या वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, काम निघालं तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं का?

पणजी, म्हापसा, मडगाव, सगळीकडे रस्ते, गटारं, जुन्या इमारती नव्यानं होताहेत. ७४व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांना. गोव्यात तेवढं मोठं शहर नाही, म्हणून इथे ती सक्ती नाही. गावाला निदान ग्रामसभा आहे. आपले अनुभव लिहा. कार्यालयांची नावं नकोत.

मळा, पणजी
आमच्याकडे पावसात पाणी भरतं. गल्ली खोदली तेव्हा कुणी काही बोललं नाही, नुसते पत्रे लागले. पुढे एक तरुण अभियंता रोज आमच्या बल्कावावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर, टेकू लागला. शेजारच्या आजीनं त्याला पाणी आधी कुठल्या कोपऱ्यात चढतं ते चालत जाऊन दाखवलं. गटाराची जाळी तिथे सरकली. आता ती तुंबली की गल्लीतली मुलंच काठ्या घेऊन जातात, पालिकेची वाट बघत नाहीत.

मडगाव
आमच्या सोसायटीची पुनर्बांधणी झाली. किती चौरस मीटर, भाडं किती, एवढंच बोलणं. सह्या घेतल्या, आराखडा तयारच होता. फ्लॅट मोठा मिळाला, खोटं कशाला बोलू? पण जुन्या इमारतीत मागे सामायिक पडवी होती. मे महिन्यात बायका तिथे सोलं वाळवायच्या, चतुर्थीची माटोळी, गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, तिथेच बांधली जायची. आता तिथे पार्किंग. आई अजून 'तुझ्या फ्लॅटवर' म्हणते. एक बैठक बायकांची घेतली असती तर पडवी नक्की वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

बार्देशातलं गाव
कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा, २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ मध्येच रद्द झाला. मग २०२१ सालापर्यंतच्या आराखड्याचा मसुदा सूचनांसाठी गावोगाव आला. आम्ही देवळात नकाशा पसरून झरी, खाजन (बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतजमीन), मानशी (त्या बांधातली पाण्याची दारं) दाखवल्या. सगळं टिकलं नाही. पण त्या रात्री नकाशावर वाकलेली माणसं आजही जमीन रूपांतराची जाहिरात आली की आधी सर्व्हे नंबर बघतात आणि ३० दिवसांच्या आत हरकत घालतात.

म्हापसा
मी बेळगावचा, भाड्यानं राहतो, पण मुलं इथेच जन्मली. बैठकीत घरमालकांनाच बोलावलं होतं. पाण्याच्या रांगेत मात्र आम्हीच उभे असतो. मळ्यातल्यांनो, तुमच्या गल्लीत भाडेकरूंनाही विचारलं होतं का?