नवरात्राचे उपास आणि आईची शुगर

कृष्णाकाठ:
आईचं वय ६४, टाइप २ डायबेटिस, बरीच वर्षं झाली. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळी नाश्त्याआधी घेते. नवरात्राचे नऊच्या नऊ उपास धरते, उठता-बसता कर म्हटलं तर ऐकत नाही. गेल्या वर्षी गोळी घेतली आणि नुसत्या चहावर राहिली, आरतीच्या वेळी दरदरून घाम, हात थरथरतायत, ग्लुकोमीटरवर ५८!! आणि त्याच रात्री साबुदाण्याच्या खिचडीनंतर २८६. यंदाही धरणारच म्हणतेय, देवीचं आहे, मोडायचं नाही. तिचं मन मोडायचं नाहीये मला. काका दीक्षित डाएट करतात (दिवसातून दोनदाच जेवायचं), ते म्हणतात उपासाने शुगर उतरतेच, घाबरू नको. काय करू?

अबोली:
ताई, आधी गोळीचं बघ. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ५८ झाली. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना गाठ, आई किती वाजता काय खाणार ते सगळं सांग, ते डोस कमी करतील नाहीतर वेळ बदलतील, पण तुम्ही घरच्या घरी गोळी बंद करू नका. आणि ७० च्या खाली गेली की पेढा नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात हळू जाते. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी परत चेक. त्या वेळी उपास मोडायचा का हा विचारच करायचा नाही. देवघराशेजारीच साखरेचा डबा ठेव.

रानवारा:
२८६ चं कारण खिचडी. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ च्या वर कार्ब, प्रोटीन जवळपास नाहीच, वर त्यात बटाटा. आमच्याकडे आता राजगिऱ्याची एक छोटी भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर दही घालून, आणि ताक. सासूबाईंना आधी पटलं नव्हतं पण हे सगळं उपासाचंच आहे ना, मग काय अडचण! भगर हलकी वाटते पण ताटभर घेतली तर तीही शुगर चढवते, वाटीभरच. आणि दुपारी केळी, रताळं, खजूर असं जे येता-जाता तोंडात टाकलं जातं ना त्यावर लक्ष ठेव, घरोघरी तिथेच घोळ होतो.

माळरान:
काकांचं अगदीच चूक नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात (२०१७) रोज साधारण ८५० कॅलरी देऊन वजन उतरवलं, वर्षभराने ४६ टक्के लोकांचा डायबेटिस गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. पण त्या सगळ्यांचा डायबेटिस सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिनवर कोणीच नाही, आणि शुगरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केलेल्या. आईंचं तसं नाही, गोळी चालू ठेवून उपाशी राहणं ही वेगळीच गोष्ट आहे, हे काकांना स्पष्ट सांग.

कृष्णाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे, शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. आई राजगिऱ्याला तयार आहे, खिचडी फक्त अष्टमीला म्हणतेय, तीही अर्धी वाटी.

अबोली:
छान. जाताना क्रिएटिनिनचा रिपोर्ट पण घेऊन जा, नसेल तर करून घे. किडनी कमजोर असेल तर या गोळीने शुगर उतरायचा धोका जास्त असतो, डॉक्टरांना डोस ठरवताना ते लागेल.