धाकटा भाऊ रिमांड होममध्ये आहे, भेटायला जायचंय. कसं जावं, काय न्यावं?

पळसफूल
आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले. धाकटा भाऊ सोळा वर्षांचा आहे. मित्रांसोबत कुणाच्या तरी शेतातली पाण्याची मोटर काढून विकली, असं पोलिसांचं म्हणणं. बाल न्याय मंडळानं त्याला रिमांड होममध्ये ठेवलंय, आज नऊ दिवस झाले. बाबा नाहीत. आई कापूस वेचायला जाते, एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. भेटीचा दिवस कसा कळतो? फोनवर बोलता येतं का? सोबत काय नेऊ? आणि पहिल्याच खेपेला आईला न्यावं का? महिन्यात दोन खेपा हजार रुपयांत बसवायच्या आहेत.
(संपादित: भावाचं आणि गावाचं नाव काढलं.)

काळी_माती
पहिले चांगला वकील लावा. माझ्या भाच्याच्या वेळी मी नागपूरचा वकील लावला, चाळीस हजार घेतले, पण तिसऱ्या तारखेला पोरगं घरी आणलं. पैशाकडं पाहू नका. आणि गाडी करून जा, एसटीच्या भरवशावर राहाल तर वेळ हुकेल. आईला नेऊ नका.

बुढा_वऱ्हाडी
ते बाई हजार रुपये म्हणते अन् तुमी चाळीस हजार सांगता. ताई, वकील फुकट भेटते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्या, नाईतं 15100 वर फोन लावा. लहान लेकराले उत्पन्नाचा दाखला बी लागत नाई. आमच्या शेजारच्या पोट्ट्याले असाच वकील भेटला व्हता, तारखेले बरोबर उभा राहे. एसटीत बाईमाणसाले अर्धं तिकीट हाये, गाडी कायले करता?

निवृत्त_मास्तर
आधी मुलाचं नाव काढा. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, घरच्यांनीही जपावं. दुसरं, ‘रिमांड होम’ हा शब्द जुना झाला. 2015 च्या या कायद्यात निरीक्षणगृह म्हणतात, आणि मुलाला आरोपी नव्हे, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. शाळेचा जन्मतारखेचा दाखला लवकर काढून ठेवा. वयाचा वाद निघाला तर तोच आधी पाहतात.

उभा_रस्ता
मास्तर, नाव काहीही द्या, दाराला कुलूप लागतंच. मी पुतण्याला भेटायला गेलो तेव्हा दिवसच चुकला होता. डब्यात भाकर, ठेचा, वांग्याची भाजी नेली होती. चार वाजेपर्यंत गेटबाहेर बसलो, डबा तसाच परत आणला आणि बसमध्ये मीच खाल्ला. घास उतरत नव्हता. आदल्या दिवशी ऑफिसला फोन करून दिवस, वेळ आणि आत काय घेतात ते विचारा. माझं आधारकार्ड होतं, पण नातं दाखवायला रेशनकार्ड नव्हतं, म्हणून पुढच्या खेपेलाही अर्धा तास उभं ठेवलं. आईला नेऊ नका, पोरगं खचतं.

काळी_माती
तेच म्हणतोय, आईला नेऊ नका. बाकी त्याच्या पोलीस भरतीचं आता काही खरं नाही.

निवृत्त_मास्तर
साफ चूक. कलम 24 वाचा. या कायद्याखाली निकाल लागला म्हणून मुलाला पुढं कशात अपात्र ठरवता येत नाही. सोळाच्या वरच्या मुलाचा खटला मोठ्यांसारखा चालला तर गोष्ट वेगळी, पण ते फार गंभीर गुन्ह्यात. पाण्याच्या मोटरीसाठी नाही.

काळी_माती
कागदावर ठीक आहे. गावात कोण विसरतं?

तुळशीपाशी
पळसफूल, माझा मुलगा पाच महिने आत होता, म्हणून लिहिते. मुलांजवळ मोबाईल नसतो. अधीक्षकांना विचारून ऑफिसच्या फोनवर बोलता आलं तर येतं, पण तुम्ही पत्र लिहा. पोस्टातलं अंतर्देशीय पत्र घ्या. घरचं साधंच लिहा, कोणती भाजी केली, पाऊस आला का, कोण विचारत होतं. माझ्या मुलानं सगळी पत्रं घडी घालून उशीच्या खोळीत ठेवली होती. एकावर मीठमिरचीच्या हाताचा डाग होता, त्याचा वास घ्यायचा म्हणे.
परिविक्षा अधिकारी घरी येतील, शाळेत आणि शेजाऱ्यांत चौकशी करतील. त्यांच्यापाशी लपवू नका. घरात कोण कमावतं, तो शाळेत जायचा की नाही, सुटल्यावर त्याच्याकडं कोण पाहील, सगळं सांगा. त्यांचा अहवाल मंडळासमोर जातो. आणि जामिनाला जामीनदार लागतोच असं नाही, कलम 12 वकिलाला विचारा.
आईला मात्र पहिल्या भेटीत नका नेऊ. मी रडले होते, तो आठवडाभर जेवला नाही.

बुढा_वऱ्हाडी
मंडळाले चौकशी चार महिन्यांत संपवा लागते, वरतून दोन महिने वाढवून भेटते. बारीक गुन्हा असन अन् तेवढ्यात संपली नाई तं केस तिथंच बंद. वकिलाले हे इचारजो ताई.

उभा_रस्ता
आणि आधार, रेशनकार्डाच्या झेरॉक्स न्या. दोन-दोन.

पळसफूल
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले. ऑफिसला फोन करूनच गेले होते. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलं तरी आईला नेलं. पहाटे चारला ती स्वतःच लुगडं नेसून दारात बसली होती, तिला घरी ठेवणं मला जमलं नाही. दोघींचं अर्धं तिकीट, खर्च आवाक्यात राहिला.
त्याचे केस बारीक कापले आहेत, कान मोठे दिसत होते. आई रडली. तोही रडला. मग तिनं विचारलं, जेवतोस का? तो म्हणाला, भाजीत तिखट नसते. मग विचारायला लागला, शेळी व्याली का, किती पिल्लं झाली. दोन झाली, एक पांढरं, हे आईनं त्याला तीनदा सांगितलं. येताना बसमध्ये ती झोपली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
नागपूरचा वकील नाही केला. विधी सेवेत अर्ज दिलाय. शाळेचा दाखला सोमवारी मिळेल. पोस्टातून पाच अंतर्देशीय आणली आहेत, पहिलं आई सांगतेय आणि मी लिहितेय.